ससा छाप

आमच्या थोरल्या सुनेला जुळं झालं आणि त्यातलं एकच राहिलं, ते अठ्ठ्याण्णव साल. फाल्गुन महिना होता. घरात बाळंतिणीची शेगडी चालू होती, मी ओसरीवर बसून शेपू निवडत होते आणि खाली भट्टीत मालकांचा घण पडत होता. तेवढ्यात एक बाई अंगणात येऊन उभी राहिली. पायात धूळ गुडघ्यापर्यंत, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"धुरपदाबाई लोहारीण तुम्हीच का?"

"मीच. ये, बस. पाणी देते."

"बसायला न्हाई आले."

ती सरळ भट्टीत शिरली. मालकांनी घण खाली ठेवला. बाईनं फडकं सोडलं आणि ऐरणीवर कोयत्याचे दोन तुकडे ठेवले. मुठीकडच्या तुकड्यावर आमचा ससा होता, कान मागे टाकून पळणारा.

"ह्यो ससा तुमचाच ना?"

मालकांनी तुकडा उचलून उजेडात धरला. "कुठं मोडला?"

"माझ्या नवऱ्याच्या डोळ्यात," बाई म्हणाली.

तिचं नाव गिरजा. नवरा लिंबाजी. दोघं साखर कारखान्यावर ऊसतोडीला होती. आमच्याकडं तोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, यावरून कोयत्याची काय किंमत ती समजा. उसाच्या बुडख्यावर घाव घातला आणि पातं मधोमध तुटून वर उडालं, असं तिनं सांगितलं. सांगताना रडली नाही. रडून झालं असावं.

मालकांनी मोडलेली कड अंगठ्यानं चाचपली. "बाई, हे लोखंड माझं न्हाई. मी ट्रकच्या कमानपाट्याशिवाय कोयता करत न्हाई. ह्यो नुसता पत्रा हाय."

"आसंल. पर ससा तुमचा हाय."

गिरजा तुकडे तिथंच सोडून निघून गेली. मग मालकांनी पाण्याची बादली उचलली आणि पेटत्या भट्टीवर ओतली. आख्ख्या घरात वाफ भरली, बाळ ठसकलं, सून आतून ओरडली.

"ह्यो ससा कुणाच्या घरातनं निघतोय ते कळत न्हाई तवर मी घाव घालणार न्हाई," ते म्हणाले. आणि त्यांचा शब्द म्हणजे शब्द. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत तोडीची माणसं कोयते घेतात, त्यावर आमचं वर्ष निघतं. पण तो धंदा नावावर चालतो. लोकांच्या डोक्यात एकदा बसलं की ससा डोळा घेतो, की पुढच्या हंगामाला ससा संपलाच. मालकांची हयात त्या एका जनावरात गेली होती.

ससा आमच्या नावावर नोंदलेला होता. काही वर्षांपूर्वी नगरचे कुलथे वकील गावात कुणाच्या लग्नाला आले होते, त्यांनीच सुचवलं आणि त्यांनीच करून दिलं. सरकारी कागद देवाशेजारी काचेत लावला होता. मला वाटायचं, कागद झाला म्हणजे झालं. कुलथे वकिलांकडं मोडका कोयता घेऊन गेले तेव्हा त्यांनी माझा तो समज काढला.

"बाई, नोंदणी म्हणजे शेताला कुंपण. राखण करायला सरकार येत नसतं. ती तुमची तुम्हीच करायची."

"म्हणजे काय करायचं?"

"बाजार फिरायचे. खोटा माल कुठं विकतोय, कुठून येतोय, ते शोधायचं. आणि एक लक्षात ठेवा. नुसता माल सापडून भागत नाही. तो म्हणेल, मी विकत आणलाय. ठसा सापडला पाहिजे. ज्यानं ससा उमटवतात तो ठसा. तो त्याच्या घरात सापडला की त्याला बोलायला जागा राहत नाही."

मालक भट्टीसमोरून हलत नव्हते, पोरं कामाला बाहेरगावी. म्हणून राखण माझ्याकडं आली. चैत्रापासून मी आठवडी बाजार धरले. एसटीनं जायचं, भांड्याकोयत्यांच्या पालासमोर बसायचं, ससा छाप मागायचा, मूठ धरून दगडात अडकवून वाकवून बघायचा. आमचा असेल तर वाकून परत येतो. खोटा तसाच वाकडा राहतो नाहीतर तुटतो. पाल लावणारे मला ओळखायला लागले. कड्याच्या बाजारात एक बागवान चाचा होता, विळ्या-सुऱ्या विकायचा. तो मला बघितलं की हाका मारायचा.

"आओ आक्का! स्वतःच्या पोराला स्वतःच वाकवून बघता रोज. असली आई न्हाई पाहिली."

"चाचा, ह्ये पोर माझं न्हाई."

"तोंडावळा तर तुमच्याच घरचा दिसतो."

चाचा हसायचा, पण मला हसू यायचं नाही. कारण तेच खरं होतं. दुसरा कुणी नक्कल करतो तेव्हा कुठंतरी चुकतो. कान लांब होतो, नाहीतर मागचा पाय आखडतो. या सशात काही चुकलेलं नव्हतं. वाकवल्याशिवाय मला स्वतःला ओळखू येत नव्हता. त्यावरून माझ्या मनात एक गोष्ट आली होती, पण मी ती कुणाजवळ बोलले नाही. स्वतःजवळही नाही.

उन्हाळा असा गेला. पावसाळ्यात चिखल तुडवत फिरले. गुडघे तेव्हापासूनच गेले माझे. सगळ्या बाजारात उत्तर एकच मिळायचं, माल वामन मुकादमाकडून येतो. हा मुकादम तोडीच्या टोळ्या लावायचा आणि टोळीला कोयतेही तोच द्यायचा. आषाढात चाचानं मला त्याच्या टेम्पोवाल्याशी गाठ घालून दिली. टेम्पोवाला तंबाखू मळत म्हणाला, "मुकादम पत्रा तिकडं टाकतो आन् कोयते घेऊन येतो. वडझरीला."

"वडझरीला कुणाकडं?"

"लोहाराकडं. तिथं लोहाराचं घरच एक हाय."

ते घर माझं माहेर.

राखीपौर्णिमेला मी वडझरीला गेले. अंकुश माझा धाकटा भाऊ. आमचे आबा गेल्यावर भट्टी त्याच्याकडं आली होती. मी राखी बांधली, शेवंतानं, म्हणजे माझ्या भावजयीनं, शेवयाची खीर केली होती. भट्टीच्या भिंतीला पात्यांची चळत लागलेली मला ओसरीतूनच दिसत होती.

"ही पाती कुणाची रं?"

"मुकादमाची. तिकडनं तयार येत्यात. मी नुसत्या मुठी बसवतो."

"ससा कोण मारतं त्याच्यावर?"

"मला काय ठावं? तिकडनंच मारून येत आसंल." तो माझ्याकडं न बघता खिरीत बोट बुडवत होता. लहानपणीही खोटं बोलताना असंच करायचा.

मी पाणी आणायच्या निमित्तानं भट्टीत गेले. ठसा कुठं दिसला नाही. घरात शंभर जागा असतात लपवायच्या, आणि त्या सगळ्या मला लहानपणापासून माहीत होत्या. पण भावाच्या घरात राखीच्या दिवशी कोनाडे चाचपायला हात उचलला नाही. तशीच परत आले.

कुलथे वकिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "सख्खा भाऊ? मग घरात बसून मिटवा की."

"घरात बसून आलेय, साहेब."

"मग?"

"तो खोटं बोलला."

वकिलांनी पेन पुन्हा उचललं. "कोर्टाकडून हुकूम काढता येईल. कमिशनर नेमून घर तपासता येईल. पण ठसा मिळाला नाही तर पुन्हा जाता येणार नाही, तो सावध होईल. कुठं ठेवतो तुम्हाला माहीत आहे?"

"नाही. पण मी सांगेन त्या दिवशी गेलात तर मिळेल."

"कोणत्या दिवशी?"

"खंडेनवमीला."

"सणाच्या दिवशी? का?"

"तुम्ही हुकूम काढा, साहेब."

मालकांना मी काही बोलले नव्हते. आदल्या संध्याकाळी एवढंच सांगितलं, "उद्या नैवेद्याला मी न्हाई."

"कुठं चाललीस?"

"वडझरीला."

सात महिने मालकांनी तो मोडका तुकडा उशाला ठेवला होता. बघून बघून त्यांच्याही मनात तेच आलं असणार जे माझ्या मनात होतं. पण त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. "ऐरणीची पूजा मी करीन," एवढंच म्हणाले.

खंडेनवमीला सकाळी जीप आली. कोर्ट कमिशनर म्हणून निऱ्हाळे नावाचे तरणे वकील होते. काळा कोट, गळ्यात पांढरी पट्टी, उन्हानं बिचारे भिजले होते. बरोबर पठाण हवालदार. त्याच्या कपाळावर कुंकवाचा टिळा होता आणि हातात काठी नव्हती.

"हवालदार, काठी कुठंय?" निऱ्हाळे वकिलांनी विचारलं.

"ठाण्यात पूजेला लावलीय साहेब. सगळ्या बंदुका, काठ्या, हातकड्यासुद्धा. उद्यापर्यंत कुणाला पकडायचं असेल तर गोड बोलूनच पकडावं लागंल."

निऱ्हाळे हसले. मला म्हणाले, "बाई, तुमच्या वकिलांनी दिवस कसला निवडलाय हो. माझी आई चिडलीय घरी."

"दिवस मी निवडलाय," मी म्हणाले.

वडझरीच्या वेशीवर मी म्हणाले, "मी आधी जाते, तुम्ही मागून या." निऱ्हाळ्यांनी मान हलवली. "तसं चालणार नाही. तुम्ही आधी गेलात तर ते म्हणतील ठसा तुम्हीच नेऊन ठेवला. माझ्याबरोबरच उतरायचं."

म्हणून मी माहेरच्या दारात पोलिसांच्या जीपमधून उतरले.

शेवंता दारात रांगोळीची बोटं झटकत होती. मला बघून तिचं तोंड उजळलं. "वन्सं! आज कशा काय? अगं बया, पुरणाचा वास तिथवर..." मग तिला खाकी दिसलं. हात तसाच हवेत राहिला.

अंकुश आतून आला. अंघोळ करून सोवळं नेसलेला, उघडा. निऱ्हाळ्यांनी कागद वाचून दाखवला. अंकुशनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "बघा की. भट्टी उघडीच हाय. सणाचा दिवस हाय, चपला बाहेर काढा म्हंजे झालं."

पठाण हवालदार उंबऱ्यावर बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागला. निऱ्हाळ्यांनीही बूट काढले. मोज्याला भोक होतं, ते त्यांनी दुसऱ्या पायानं झाकलं.

भट्टी शेणानं सारवली होती. मधोमध घोंगडी अंथरून तिच्यावर हत्यारं मांडली होती. घण, हातोडे, सांडशी, छिन्न्या, कानशी, भात्याची मूठ. प्रत्येकाला हळदीकुंकू, झेंडूचं फूल, वर अक्षता. भिंतीकडं कोयत्यांची चळत होती, तिलाही कुंकू लागलं होतं. निऱ्हाळे त्या चळतीकडं गेले.

"हा माल कुणाचा?"

"मुकादमाचा. मी मुठी बसवतो फक्त."

"यावर ससा तुम्ही मारलात?"

"न्हाई."

"ठसा आहे तुमच्याकडं?"

"न्हाई साहेब. मुठीच बसवतो म्हणलं की."

निऱ्हाळे चळतीतलं एकेक पातं बघायला लागले. मी घोंगडीसमोर उभी राहिले.

आमच्या आबांचा एक नेम होता. वर्षभर ज्यानं पोट भरलं ते एकही हत्यार नवमीला पूजेबाहेर राहता कामा नये. "पूजेला मुकलेलं हत्यार उपाशी राहतं," ते सांगायचे, "आन् उपाशी हत्यार धन्याचाच हात खातं." आम्ही भावंडं लहान असताना नवमीच्या आदल्या दिवशी सगळं घर उलथंपालथं करायचो. एकदा एक मोडका चिमटा सापडेना, तर आबांनी आम्हाला राखेच्या ढिगात शोधायला लावला होता. अंकुश तेव्हा राखेनं पांढरा झाला होता, आणि चिमटा त्यालाच सापडला होता.

अंकुश मुकादमाशी हातमिळवणी करील, बहिणीशी खोटं बोलेल, पण आबांचा नेम मोडून हत्यार उपाशी ठेवणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून मी नवमी सांगितली होती.

दोन छिन्न्यांच्या मध्ये ठसा उभा होता. अंगठ्याएवढा, डोक्यावर कुंकवाचं बोट, पायाशी तांदळाचे दाणे.

मी बोट केलं नाही. नुसती बघत राहिले. अंकुशनं माझी नजर बघितली आणि ती कुठं आहे तेही बघितलं.

"आक्का," तो म्हणाला.

निऱ्हाळे वळले. त्यांनीही बघितलं. दोन पावलांत घोंगडीजवळ आले आणि वाकले. शेवंता दारातून किंचाळली.

"हात लावू नगा! पूजा हालली न्हाई अजून!"

निऱ्हाळ्यांचा हात थबकला. हवालदार उंबऱ्यावरूनच म्हणाला, "साहेब, ते उद्या दसऱ्याला हलवतात. आज हात लावायचा नसतो."

"माझा हुकूम आजचा आहे."

"हुकूम बरोबर हाय साहेब. मी आपलं रीत सांगितली."

"मग तुम्ही उचला."

"मी?" पठाण हवालदारानं अंग चोरलं. "साहेब, सकाळी मी माझी काठीसुद्धा उचलली न्हाई."

निऱ्हाळे घामानं निथळत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "बाई, अर्ज तुमचा आहे. तुम्ही लोहाराच्याच. तुम्ही उचला."

बरोबर बोलत होते ते. मी पदर खोचला. आबांच्या घोंगडीसमोर गुडघे टेकले. हात पुढं केला, पण ठशापर्यंत तो पोचेना.

"तिला नगा सांगू," अंकुश म्हणाला. "माहेरची पूजा लेकीनं मोडू न्हाई. सरक आक्का."

तो माझ्या शेजारी बसला. ताम्हनातल्या अक्षता घेतल्या, काहीतरी पुटपुटला, हत्यारांवर टाकल्या आणि घोंगडीचं टोक धरून किंचित हलवलं. एक दिवस आधीच पूजा हलली. शेवंता तोंडात पदर घालून आत गेली. अंकुशनं ठसा उचलला, धोतराच्या सोग्यानं कुंकू पुसलं आणि निऱ्हाळ्यांच्या हातात दिला.

"तुला ठावं व्हतं आज ह्यो हितं आसणार," तो मला म्हणाला.

"व्हय."

"आबांची पोर खरी." यात राग होता की आणखी काही, मला तेव्हाही कळलं नाही.

पंचनामा सुरू झाला. निऱ्हाळ्यांनी शाईचं पॅड काढलं, कोऱ्या कागदावर तो ठसा उमटवला. शेजारी आमच्या भट्टीतला ठसा उमटवला, तो मी बरोबर आणला होता. दोन ससे एकामागं एक पळायला लागले. निऱ्हाळे कागद वर धरून बघत राहिले.

"हुबेहूब आहेत हो. केसाचा फरक नाही. असली नक्कल मी बघितली नाही."

"नक्कल न्हाई साहेब," अंकुश म्हणाला. "एकाच हाताचे हायत."

निऱ्हाळ्यांना समजेना. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

माझं लग्न झालं तेव्हा अंकुशला मिसरूडही फुटलेलं नव्हतं. आबांजवळ जावयाला द्यायला काही नव्हतं. तर या पोरानं पोलादाच्या तुकड्यावर ससा कोरला, कानशीनं, बोटं सोलून, आणि दाजीला आहेर म्हणून दिला. "दाजी, तुमच्या कोयत्यावर मारा. हातात ससा धरल्यासारखा हलका वाटंल," म्हणाला होता. सगळे हसले होते. मालकांनी दुसऱ्या दिवशीपासून तो मारायला घेतला आणि तोच जन्मभर मारला. नोंदणीच्या वेळी कुलथे वकिलांनी विचारलं, चिन्ह कुणाचं? मालक म्हणाले, माझं. आहेर मिळाला म्हणजे आपलाच झाला, असंच आम्ही धरलं होतं. खोटं सांगतोय असं कुणाच्या मनातही नव्हतं.

निऱ्हाळ्यांना हे सगळं मी सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "बाई, हे पंचनाम्यात लिहिलं तर तुमची केस नरम पडेल."

"लिहा. खरं हाय ते."

"नगा लिहू," अंकुश म्हणाला. "दिलं ते दिलं साहेब. आहेर माघारी घेत नसत्यात. मी घेतला."

"का घेतलास रं?" मी विचारलं.

"मुकादम म्हणला, ससा आसंल तर सगळी टोळी घेती, दुसरं जनावर चालत न्हाई. मी म्हणलं, कोरला तर मीच हाय. दाजीचं काय जातंय." त्यानं चळतीकडं हात केला. "पत्रा त्येचा व्हता. मला पटत नव्हता. पर म्हणलं, एका हंगामाला टिकंल."

"टिकला न्हाई. एका माणसाचा डोळा गेला, अंकुश."

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला माहीत नव्हतं. तोंडावरनं कळत होतं.

"कुणाचा?"

"लिंबाजी म्हणून हाय. तोडीला होता. बायको तुकडे घेऊन आली व्हती माझ्या दारात."

"कुठला डोळा?"

"उजवा."

तो ऐरणीला टेकून खाली बसला. पठाण हवालदार उंबऱ्यावरून उठला, रांजणातलं पाणी घेऊन आला आणि त्याच्यापुढं तांब्या ठेवला. अंकुश प्यायला नाही. थोड्या वेळानं उठला, भिंतीकडची पात्यांची चळत स्वतःच उचलायला लागला आणि जीपमध्ये नेऊन ठेवायला लागला. निऱ्हाळे म्हणाले, राहू द्या, माणसं बोलावू. त्यानं ऐकलं नाही. एकेक भारा छातीशी धरून नेत होता. अंगभर कुंकू लागलं.

आम्ही निघालो तेव्हा शेवंता दारात आली. डोळे सुजलेले, आवाज कोरडा. "पानं वाढलीत. जेवल्याबिगर जायचं न्हाई. साहेबांना पण सांगा."

निऱ्हाळे संकोचले. हवालदार म्हणाला, "साहेब, नाही म्हणू नका. आज नाही म्हणत नसतात." मग सगळे ओसरीवर पंगतीला बसलो. वादी, प्रतिवादी, कमिशनर आणि हवालदार. शेवंतानं माझ्या पोळीवर तूप वाढलं, सगळ्यांना वाढलं तेवढंच. मी पान पुसून खाल्लं. टाकलं असतं तर त्या दारात परत यायला तोंड राहिलं नसतं.

घरी पोचले तर मालक पूजेसमोर बसले होते. मी पाय धुतले, आत आले.

"काय म्हणला?"

"एकाच हाताचे हायत म्हणला."

मालकांनी निरांजनाची वात सारली. मग म्हणाले, "खरंच हाय की ते."

दुसऱ्या दिवशी दसरा. मालक सकाळीच आपट्याची पानं खिशात घालून वडझरीला गेले. संध्याकाळी परत आले.

"घेतलं का सोनं?"

"घेतलं. पाया पडला. बोलला न्हाई."

त्या रात्री मालकांनी भट्टी पेटवली. लिंबाजीसाठी त्यांनी पहिला कोयता केला आणि मी तो गिरजाकडं घेऊन गेले. तिनं घेतला नाही. "आता कोयता धरायचा न्हाई आमाला," म्हणाली. तिनं चहा मात्र दिला. ससा पुढं खपला, पण पहिल्यासारखा नाही. लोक हातात घेऊन वाकवून बघायला लागले. मीच शिकवलं होतं त्यांना वाकवायला, बाजारोबाजार.

केस चालली. मुकादम दोन नंबरचा प्रतिवादी होता, तो कधी आलाच नाही. म्हणून कुलथे वकील केस मागं घेऊ देईनात. मागं घेतली तर मुकादम सुटेल, म्हणाले. अंकुश एकही तारीख चुकवायचा नाही. भट्टी त्यानं त्या नवमीनंतर पेटवलीच नाही. तो आणि शेवंता तोडीला जायला लागले होते, एक कोयता म्हणून. हंगामातही तारखेला तो कारखान्यावरून एसटीनं यायचा, हाताला उसाच्या पात्यांचे काप.

कोर्टाच्या व्हरांड्यात बाक एकच. आम्ही दोघं त्यावर बसायचो. पहिल्या पहिल्यांदा मध्ये माझी पिशवी असायची. पुकारा व्हायला तिसरा प्रहर व्हायचा आणि पुकारा झाला की पुढची तारीख मिळायची. तो चौथीपर्यंत शिकलेला, मी अंगठाबहाद्दर. एकदा कंटाळून त्यानं खडूचा तुकडा घेतला, बाकाखालच्या फरशीवर अक्षर काढलं.

"हे काय हाय सांग."

"मला काय कळतंय?"

"ध. तुझाच हाय. गिरव."

असं मी लिहायला शिकले. शिपाई येऊन ओरडायचा, फरशी घाण करता म्हणून. अंकुश फडक्यानं पुसायचा आणि शिपाई गेला की पुन्हा काढायचा. माझी पहिली सही मी ज्या कागदावर केली तो त्याच्याविरुद्धचाच होता, कसलंसं प्रतिज्ञापत्र. कुलथे वकिलांनी अंगठ्याची शाई पुढं केली तर मी म्हणाले, नको, पेन द्या. अंकुश माझ्या खांद्यावरनं वाकून बघत होता. वकील त्याला म्हणाले, "अहो, तुम्ही समोरच्या बाजूचे. लांब थांबा."

"थांबतो साहेब," तो म्हणाला. "आक्का, र चा पाय आखूड झाला."

निकाल लागला तो आमच्या बाजूनं लागला. मुकादमाला आणि अंकुशला ससा वापरायला कायमची मनाई झाली. हुकूम मी स्वतः वाचला, अक्षर अक्षर जोडून, त्याच बाकावर बसून. अर्ध्या दिवसाचं काम झालं ते. शेजारी कुणी नव्हतं.

दोन हजार तीन साल होतं, श्रावण महिना. त्याच वर्षी माघात, कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत झोपेतच माझा भाऊ अंकुश वारला होता.